चप्पल दुकानाचं पान मोबाईलवर जड पडतंय आणि आडवं सरकतंय – फोटो आणि सीएसएस कसं बसवायचं?

पायताण_कट्टा

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात भवानी मंडपाजवळच्या एका चप्पल दुकानाची साईट बांधतोय. वर्डप्रेस वगैरे नाही, हाताने लिहिलेलं एचटीएमएल आणि मांडणीची एकच सीएसएस फाइल. वर मोठा बॅनर आहे (रंकाळ्यावरचा संध्याकाळचा फोटो, सीएसएसमधून बॅकग्राउंड-इमेज लावलाय) आणि खाली २४ जोडांचं ग्रिड. कापशी, पुकारी, बक्कलनाळी, कुरुंदवाडी, सगळे प्रकार एकाच पानावर. फोटो स्टुडिओतून आलेत, ६००० बाय ४००० पिक्सेलचे जेपीईजी, एकेक ४ ते ७ एमबी. सध्या तेच जसेच्या तसे टाकलेत.

मांडणी अशी हवी आहे: फोनवर २ उभे रकाने, मध्ये १२ पिक्सेल फट. पडदा ७६८ पिक्सेलच्या पुढे गेला की ३, फट १६. १२०० च्या पुढे ४, फट २४. कंटेनर जास्तीत जास्त १२००, दोन्ही बाजूंना १६ पॅडिंग. ग्रिडला आत्ता ऑटो-फिट (मावतील तेवढे रकाने) आणि मिनमॅक्स २४० पिक्सेल, १एफआर असं दिलंय.

त्रास काय काय होतो:

फोनवर पान बोटाने डावी-उजवीकडे सरकतं. फोटो येतील तसा खालचा मजकूर उड्या मारतो, किंमत दाबायला जावं तर बोट दुसऱ्याच जोडावर पडतं. बॅनर सगळ्यात शेवटी दिसतो. फोटोशॉपमधून एक-दोन फोटो लहान करून पाहिले, तर चामड्याचा रंग फिका आणि राखाडी पडला, मालक म्हणाले "ही आमची चप्पल न्हवं."

सुरुवात कुठून करू?

---

उद्यमनगर_लेथ

फोटो बारीक करायला लगेच धावू नका. आधी पानावर प्रत्येक फोटोची चौकट किती रुंद पडते ते कागदावर काढा. हे माप नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे. तुम्ही आकडे दिलेत म्हणून करून दाखवतो.

फोन ३६० रुंद धरा. ३६० मधून पॅडिंगचे ३२ आणि फटीचे १२ गेले, उरले ३१६, भागिले २, म्हणजे १५८. फोनची पिक्सेल घनता ३ पट (सीएसएसच्या एका पिक्सेलच्या रुंदीत पडद्याचे खरे ३) असली तरी खरे पिक्सेल लागतात ४७४. टॅब्लेट ७६८ चा: ३२ पॅडिंग आणि दोन फटींचे ३२ वजा करून ७०४, भागिले ३, म्हणजे साधारण २३५, दुपटीने ४७०. मोठा पडदा: १२०० मधून ३२ आणि तीन फटींचे ७२ गेले, १०९६ भागिले ४, म्हणजे २७४. दुप्पट घनतेला ५४८.

म्हणजे कार्डासाठी (ग्रिडमधल्या एका जोडाच्या डब्यासाठी) ३२०, ४८० आणि ६४० रुंदीच्या तीनच प्रती पुरतात. ६००० चा फोटो १५८ च्या चौकटीत कोंबण्यात काही अर्थ नाही. आडवा झोपवलेला ११८० रुंदीचा टॅब्लेट असेल तर ६४० किंचित कमी पडेल, पण ते डोळ्याला कळत नाही, सोडून द्या.

आता ब्राउझरला हे सांगायचं कसं. (नावं उच्चाराप्रमाणे लिहितोय, फाइलमध्ये मूळ स्पेलिंगच टाका.) इमेज टॅगमध्ये सोर्ससेट लिहून तिन्ही फाइली द्या, प्रत्येकीपुढे तिची खरी रुंदी डब्ल्यू लावून: ३२०डब्ल्यू, ४८०डब्ल्यू, ६४०डब्ल्यू. आणि त्यासोबत साइझेस, म्हणजे पानावर फोटो किती रुंद दिसणार ते. बहुतेक जण हे साइझेस गाळतात आणि मग सोर्ससेट चालत नाही म्हणून ओरडतात. ब्राउझर फोटो निवडतो तेव्हा सीएसएस अजून पोचलेलंही नसतं, त्याला तुमचं ग्रिड माहीतच नाही. साइझेस नसेल तर तो फोटो पडद्याच्या पूर्ण रुंदीचा आहे असं धरतो. ३६० गुणिले ३ म्हणजे १०८०, मग यादीतली सगळ्यात मोठी प्रत उचलतो. यादीत १२०० ची प्रत असती तर ४८० च्या जागी तीच उतरली असती, म्हणजे सव्वासहा पट पिक्सेल.

तुमच्या मांडणीला साइझेस असं पडेल (१००व्हीडब्ल्यू म्हणजे पडद्याची पूर्ण रुंदी):

(मिन-विड्थ: १२००पीएक्स) २७४पीएक्स, (मिन-विड्थ: ७६८पीएक्स) कॅल्क((१००व्हीडब्ल्यू - ६४पीएक्स) / ३), कॅल्क((१००व्हीडब्ल्यू - ४४पीएक्स) / २)

मोठ्याकडून लहानाकडे याच क्रमाने लिहा, कारण पहिली जुळलेली अट लागू होते. ७६८ ची अट आधी लिहिली तर मोठ्या पडद्यावरही तीच लागेल.

उड्या थांबवायला प्रत्येक इमेज टॅगवर विड्थ आणि हाइट लिहा. नुसते आकडे, पीएक्स न लावता. ब्राउझर त्यावरून गुणोत्तर काढून जागा आधीच राखून ठेवतो. सोबत सीएसएसमध्ये मॅक्स-विड्थ: १००% आणि हाइट: ऑटो, दोन्ही. हाइट: ऑटो विसरलात तर फोटो रुंदीत आकसेल आणि उंची तशीच राहील, चप्पल बांबूसारखी लांबडी दिसेल.

कार्डाचे फोटो चौरस करा, ४८० बाय ४८० असे, आणि कापणं फाइल बनवतानाच करा. ऑब्जेक्ट-फिट: कव्हर वर सोडलं तर ब्राउझर मधोमध धरून बाजू कापतो, आणि तुमच्या ३:२ फोटोत नेमका अंगठा नाहीतर कान जातो. गिऱ्हाईक तेच बघायला आलेलं असतं.

बॅनर बॅकग्राउंड-इमेजमधून काढा. ब्राउझर एचटीएमएल वाचता वाचताच पुढचे इमेज टॅग हेरून फोटो मागवायला लागतो, पण सीएसएसमधला फोटो त्याला सीएसएस उतरून, कोणत्या घटकाला लागतो ते कळल्यावरच सापडतो. म्हणून तो शेवटी येतो. पिक्चर टॅग वापरा: फोनला उभा काप ८२८ बाय १०३५ चा एकच पुरे, रुंद पडद्याला २:१ मध्ये १२८० बाय ६४० आणि १९२० बाय ९६०. सोर्स टॅगवरही विड्थ-हाइट लिहा, दोन्ही कापांचं गुणोत्तर वेगळं आहे. इमेज टॅगवर फेचप्रायॉरिटी हाय, म्हणजे हा फोटो आधी मागव असं सांगणं. आणि बॅनरवर लोडिंग लेझी (फोटो सरकत जवळ आल्यावरच मागवणं) अजिबात नको. लेझी फक्त कार्डांना, तेही पहिली रांग सोडून.

वजनाचं माप: फोनचा बॅनर १०० ते १२० केबीत, ४८० चं कार्ड २५ ते ४५ केबीत बसायला हवं. त्याच्या वर गेलं तर क्वालिटी जास्त लागलीय किंवा फाइल पीएनजी आहे. चामड्याचा फोटो पीएनजीत ठेवू नका, तो साचा लोगो आणि पारदर्शक गोष्टींचा. लोगो तर एसव्हीजीच करा.

---

रंकाळा_टॉवर

लेथभाऊंनी फोटोचं पुरतं केलंय, मी आडव्या सरकण्याचं सांगतो.

भावा, पहिलं काम: हेडमध्ये व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग आहे का बघ. विड्थ=डिव्हाइस-विड्थ, इनिशियल-स्केल=१. तो नसेल तर फोन पान साधारण ९८० रुंद धरून छोटं करून दाखवतो आणि तुझ्या मीडिया क्वेरी (पडद्याच्या रुंदीवर ठरणारे सीएसएसचे नियम) त्या ९८० वरच चालतात, फोनची मांडणी लागतच नाही.

तो असूनही सरकत असेल तर कुठला तरी डबा पडद्यापेक्षा रुंद आहे. शोधायला सगळ्या घटकांना तात्पुरती आउटलाइन दे, १ पिक्सेल लाल. बॉर्डर देऊ नको, बॉर्डरने मापच बदलतं. लाल रेघ जिथं पडद्याबाहेर जाते तो चोर. बहुतेक वेळा यांतलाच कोणीतरी निघतो:

मापाचं बंधन नसलेली इमेज. ६००० चा फोटो मॅक्स-विड्थ नसेल तर ६००० च होणार.

पिक्सेलमध्ये रुंदी दिलेलं कार्ड किंवा फॉर्म.

ग्रिडमधला १एफआर. लोकांना वाटतं १एफआर म्हणजे सारखे वाटे. तसं नाही, आतल्या मजकुराच्या किमान रुंदीखाली तो उतरत नाही. जोडाखाली न तुटणारा लांब कोड किंवा ईमेल असला की तो रकाना फुगतो आणि शेजारच्याला पडद्याबाहेर ढकलतो. १एफआर च्या जागी मिनमॅक्स(०, १एफआर) लिही. फ्लेक्स असेल तर आतल्या घटकाला मिन-विड्थ: ०. आणि त्या मजकुराला ओव्हरफ्लो-रॅप: एनीव्हेअर.

साईझचा तक्ता, म्हणजे पायाचे सेंमी आणि नंबर. तक्ता आकसत नाही. त्याला एक डिव्ह गुंडाळ आणि त्या डिव्हला ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो दे, म्हणजे तक्ता आतल्या आत सरकेल, पान नाही.

१००व्हीडब्ल्यू रुंदी. ही फोनवर सहसा दिसत नाही, पण विंडोजच्या कॉम्प्युटरवर उभ्या स्क्रोलबारची जागाही १००व्हीडब्ल्यू मध्ये धरली जाते, म्हणून तिथं खाली आडवा स्क्रोलबार उगवतो. विड्थ: १००% पुरतं.

रॅपरला ओव्हरफ्लो-एक्स: हिडन मारून विषय संपवणारे बरेच आहेत. रोग झाकला जातो, आणि वर चिकटून राहणारा स्टिकी हेडर चिकटायचा बंद होतो, कारण तो रॅपर स्वतःच स्क्रोलचा डबा बनतो. झाकायचंच असेल तर क्लिप वापर, त्याने स्टिकी मोडत नाही.

आता तुझं ऑटो-फिट. ३६० च्या फोनवर आत ३२८ उरतात, त्यात २४० चा एकच रकाना बसतो. तुला हवेत दोन. २४० चे १५० केलेस तर फोनवर दोन होतील, पण १२०० वर सहा होतील. शिवाय ऑटो-फिट मध्ये किती रकाने पडतील ते साइझेसमध्ये लिहिणं म्हणजे डोकेदुखी, आणि फिल्टर लावून दोनच जोड उरले की ते अर्धा-अर्धा पडदा व्यापून बसतात. माझं मत: दुकानाच्या ग्रिडला ऑटो-फिट नकोच. सरळ रिपीट(२, मिनमॅक्स(०, १एफआर)) आणि दोन मीडिया क्वेरींत ३ आणि ४. साइझेसमधले ७६८ आणि १२०० आणि सीएसएसमधले ७६८ आणि १२०० एकच राहायला हवेत. एकीकडे बदललं की दुसरीकडेही बदलायचं, सीएसएसमध्ये तशी कॉमेंट टाकून ठेव.

---

पायताण_कट्टा

दोघांनाही धन्यवाद. सरकायचं थांबलं, साईझचा तक्ताच होता. उड्याही थांबल्या.

पण एक कळत नाही. साइझेस लावलं, तरी क्रोममध्ये खिडकी लहान करून बघितली तर ६४० चीच फाइल येते. आणि सफारीवर तर कुठल्याही मापाला मोठीच येते. काय राहिलं?

---

उद्यमनगर_लेथ

क्रोमचं बरोबरच चाललंय. मोठी प्रत कॅशमध्ये (ब्राउझरने आधी उतरवून ठेवलेल्या साठ्यात) असेल तर लहान मागवण्यात त्याचा काही फायदा नाही, तो मोठीच वापरतो. तपासताना डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कच्या टॅबवर डिसेबल कॅशला खूण करा, पडदा आधी ३६० वर आणा आणि मग पान रीलोड करा. उलट क्रमाने, म्हणजे आधी मोठा आणि मग लहान, केलंत तर फसगत होणारच. कन्सोलमध्ये त्या इमेजचं करंट-सोर्स विचारलं की नेमकी कुठली फाइल लागली ते कळतं.

सफारीचं कारण साइझेसच्या लिखाणात शोधा. कॅल्क मधल्या वजाबाकीच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा लागते. "१००व्हीडब्ल्यू-४४पीएक्स" असं चिकटवून लिहिलं तर ते चुकीचं धरलं जातं आणि पूर्ण रुंदी लागू होते. दुसरं म्हणजे तिथं टक्केवारी चालत नाही. ५०% लिहिलं असेल तर काढा, ५०व्हीडब्ल्यू लिहा. या दोन्ही गोष्टींत कुठलाही ब्राउझर चूक दाखवत नाही, गुपचूप मोठा फोटो आणतो. बऱ्याच आयफोनची घनता ३ असते हेही ध्यानात धरा. ४३० रुंदीच्या मोठ्या आयफोनला (४३० - ४४) भागिले २ म्हणजे १९३, गुणिले ३ म्हणजे ५७९, म्हणजे तिथं ६४० येणं बरोबरच आहे.

---

गुजरी_कॉर्नर

रंग फिका पडण्याचं कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. दागिन्यांच्या फोटोंतही हेच होतं, साजाचं सोनं पितळेसारखं दिसायला लागतं.

स्टुडिओचे फोटो अनेकदा अडोबी आरजीबी या कलर प्रोफाइलमध्ये असतात. फाइल हलकी करताना मेटाडेटा (फोटोसोबतची लपलेली माहिती) पुसला की प्रोफाइलही पुसली जाते, ब्राउझर तेच आकडे एसआरजीबी (वेबची नेहमीची प्रोफाइल) समजून वाचतो, आणि लाल-तपकिरी रंग मरतो. उपाय: आधी एसआरजीबीत बदला, मग मेटाडेटा काढा. फोटोशॉपमध्ये "कन्व्हर्ट टू प्रोफाइल" हे वापरायचं, "असाइन प्रोफाइल" नाही. असाइन केलं की आकडे तेच राहतात आणि रंग बिघडतो.

इमेजमॅजिक या फोटो बदलायच्या साधनात स्ट्रिप हा पर्याय प्रोफाइल उडवतो, म्हणून त्याच्या आधी प्रोफाइल बदलायचा पर्याय द्या, आणि त्याच्याही आधी ऑटो-ओरिएंट. फोनने उभा धरून काढलेला फोटो फाइलमध्ये बऱ्याचदा आडवाच असतो, उभा दाखवायची खूण मेटाडेटात असते. ती पुसली की चप्पल आडवी होते. नोडमधली शार्प लायब्ररी वापरलीत तर ती रंग आपोआप एसआरजीबीत आणते आणि मेटाडेटाही काढते, फक्त रोटेट हे फंक्शन काही न देता आधी बोलवा. मेटाडेटा काढायला आणखी एक कारण आहे: फोनच्या फोटोत कारागिराच्या घराचं जीपीएस ठिकाण असू शकतं.

दुसरी गोष्ट लाल गोंड्याची आणि जरीची. वेबपी या हलक्या फोटो-साच्याचा नेहमीचा, म्हणजे थोडी माहिती टाकून देणारा प्रकार रंगाची माहिती निम्म्या बारकाईनेच साठवतो. टॅन चामड्यावर लालभडक गोंडा असला की कडेला रंग पसरल्यासारखा दिसतो. वेबपी बनवणाऱ्या सीवेबपी या साधनात शार्प-वाययूव्ही हा पर्याय चालू केला की बराच फरक पडतो, वेळ थोडा जास्त लागतो. क्वालिटी ७५ ते ८० ठेवा आणि प्रत्येक माप मूळ ६००० च्या फाइलवरूनच बनवा. ६४० वरून ४८०, ४८० वरून ३२० असं उतरत गेलात तर प्रत्येक पायरीला वीण आणखी पुसट होते.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेली फाइल मूळ समजू नका. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

---

तांबडा_पांढरा_जोडी

एव्हिफ हा आणखी नवा फोटो-साचा का नको? वेबपीपेक्षा फाइल आणखी लहान होते. क्रोममध्ये २०२० पासून, फायरफॉक्समध्ये २०२१ पासून, सफारीत २०२२ पासून चालतं. पिक्चरमध्ये आधी एव्हिफ, मग वेबपी, शेवटी जेपीईजी.

---

गुजरी_कॉर्नर

बॅनरला खुशाल वापरा. आकाश आणि पाण्याच्या सलग छटा एव्हिफमध्ये छान बसतात. चपलेच्या फोटोला मात्र सांभाळून. क्वालिटी उतरवली की एव्हिफ बारीक पोत गुळगुळीत करून टाकतं, चामड्याचा दाणा जातो आणि जोड रेक्झिनचा वाटायला लागतो. हाताने बनवलेली वस्तू विकताना तोच दाणा विकला जातो. ४८० च्या कार्डावर ३५ केबीचे २५ केबी झाले म्हणून एवढं काही हाती लागत नाही, आणि २४ जोड गुणिले ३ मापं गुणिले ३ प्रकार म्हणजे २१६ फाइली सांभाळायच्या. कार्डांना वेबपी एकटं पुरे, ते सफारीतही २०२० पासून आहे.

---

तांबडा_पांढरा_जोडी

पटलं. मग अक्षरांकडे येतो, कारण जोडांची नावं मराठीत असणार.

इंग्रजीसाठी बनवलेल्या सीएसएसमध्ये मथळ्याला लाइन-हाइट १.१ नाहीतर १.२ असते. देवनागरीला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार असतात. ओव्हरफ्लो: हिडन असलेल्या कार्डात "कुरुंदवाडी"चे उकार कापले जातात. मथळ्याला १.४, मजकुराला १.६ ते १.७ ठेवा. लेटर-स्पेसिंग देवनागरीला देऊच नका, शिरोरेषा तुटून अक्षरं सुटी पडतात. एचटीएमएल टॅगवर भाषा एमआर लिहा.

नाव कुठं एका ओळीचं, कुठं दोन ओळींचं, म्हणून किमती वर-खाली होतात. कार्डाला ठरावीक उंची देऊ नका, मोबाईलवर कोणी अक्षर मोठं केलं की किंमत बाहेर सांडते. सबग्रिड वापरा, ते २०२३ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आहे: कार्डाने ग्रिडच्या तीन ओळी व्यापायच्या, फोटो, नाव, किंमत, आणि ग्रिड-टेम्प्लेट-रोज: सबग्रिड. शेजारच्या किमती एका रेषेत येतात.

फॉन्ट एकच, दोन जाडींत, डब्ल्यूओएफएफ२ मध्ये, फॉन्ट-डिस्प्ले: स्वॅप (फॉन्ट येईतो साध्या अक्षरांत मजकूर दाखवणं). प्रीलोड करणार, म्हणजे फॉन्ट आधीच मागवणार असाल तर क्रॉसओरिजिन लिहायला विसरू नका, फॉन्ट तुमच्याच सर्व्हरवर असला तरी. नाहीतर तो दोनदा उतरतो.

---

पायताण_कट्टा

रंग जागेवर आला, मालक खूश. शेवटचे दोन प्रश्न: जोडावर दाबल्यावर मोठा फोटो दाखवायचा तो किती मापाचा? आणि सर्व्हरवर कॅशची मुदत किती ठेवू?

---

उद्यमनगर_लेथ

आतल्या पानाचा फोटो फोनवर ३२८ गुणिले ३ म्हणजे ९८४, मोठ्या पडद्यावर अर्ध्या रुंदीत साधारण ५६० ची दुप्पट ११२०. म्हणून ४८०, ८०० आणि १२००. शिवणीचा टाका दिसायला २००० ची आणखी एक प्रत ठेवा, पण ती सोर्ससेटमध्ये घालू नका, झूमचं बटण दाबल्यावरच मागवा. डिस्प्ले: नन करून आधीच पानात लपवू नका, लपवलेली इमेजही उतरते.

कॅशला मॅक्स-एज ३१५३६०००, म्हणजे एक वर्ष, आणि इम्यूटेबल (ही फाइल बदलणार नाही). मात्र मग त्याच नावाने फोटो बदलायचा नाही, ज्यांनी आधी बघितलाय त्यांना वर्षभर जुनाच दिसेल. नावातच आवृत्ती घाला, कापशी-४८०-आवृत्ती२ अशी, आणि फोटो बदलला की आकडा पुढे. एचटीएमएल फाइलला ही मुदत लावू नका, तिला नो-कॅश (दर वेळी सर्व्हरला विचारूनच वापरणं).

तपासणी राजारामपुरीत वाय-फायवर बसून नको. नेटवर्क टॅबमध्ये स्लो ४जी निवडा, शक्य असेल तर स्वस्तातला खरा अँड्रॉइड फोन घ्या. एलसीपी (पडद्यावरचा सगळ्यात मोठा भाग दिसायला लागणारा वेळ) अडीच सेकंदांच्या आत आणि सीएलएस (मजकुराच्या उड्यांचं माप) ०.१ च्या आत आला की लिंक इथं टाका, बघतो.

---

रंकाळा_टॉवर

आणि पहिल्या रांगेची लेझी काढलीस का ते बघ. फोनवर पहिली रांग म्हणजे दोन जोड, पण कॉम्प्युटरवर चार. चारही सोडायचे.